दोन माणसांना पुरेल अशी बोट

२ मार्च, रविवार. सकाळ.

घडलं ते, क्रमाने:

१. शुक्रवारी संध्याकाळी मास्तरने लॅपटॉपवर आणखी एक बोट दाखवली. साडेपाच मीटर, एक आउटबोर्ड इंजिन, सोबत ट्रेलर. (मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेत भूगोल शिकवतो.)

२. मी म्हटलं, मागची कड बुटकी आहे. किनाऱ्यापासून लांब असताना मागून लाट आली तर पाणी थेट आत.

३. तो म्हणाला, दोन वर्षं मी बोटी दाखवतोय आणि तू दोष दाखवतेयस.

४. मी म्हटलं, आहेत म्हणून दाखवते.

५. तो म्हणाला, बरं.

६. काल सकाळी तो मोठी बॅग आणि गळाची एक काठी गाडीत टाकून त्याच्या दादाकडे गेला. दादा समुद्राकाठच्या गावी राहतो. म्हणाला, शाळेत रजा टाकलीय, काही दिवस राहतो तिकडे.

७. आरडाओरडा झाला नाही. दार त्याने हळू लावलं.

निष्कर्ष: बोट ठरत नाही, हे कारण. तो गेला, हा परिणाम. कारण काढलं की परिणाम जातो. लॅबमध्ये आम्ही रोज हेच करतो. पंप थरथरतो, आम्ही कारण शोधतो, पंप शांत होतो. तेव्हा ३१ मार्चच्या आत बोट ठरवायची. त्याला आधी सांगायचं नाही. एकदम दारात उभी करायची.

"काही दिवस" हे माप नाही. पण तो भूगोलवाला आहे, त्याला चालतं.

५ मार्च, बुधवार

निकष पक्के केले. बोट गाडीमागे ट्रेलरवर नेता आली पाहिजे, कारण समुद्र दोन तासांवर आहे आणि धक्क्यावर ती बांधून ठेवायला आपल्याला कोण जागा देतंय. किनारा दिसेनासा होईल इतकी आत गेली पाहिजे आणि परत आली पाहिजे. डेकवर आलेलं पाणी आपोआप बाहेर गेलं पाहिजे. पोकळीत फोम हवा, म्हणजे भरली तरी बुडणार नाही. जागा दोन माणसांची.

ताईचा फोन. मास्तरला फोन केलास का, असं विचारत होती. म्हटलं, नवीन काही सांगण्यासारखं नाही अजून. ती म्हणाली, अगं, नवऱ्याला फोन करायला बातमी लागते का. तू काय आकाशवाणी आहेस?

ताईला सगळ्यातच भावना दिसतात. मी शांत आहे. झोप कमी आहे, पण त्याचं कारण फ्रिज. गुणगुणतो. आज त्याचे पाय लेव्हल लावून समतल केले.

९ मार्च, रविवार

मुख्य प्रश्न तळाच्या आकाराचा आहे. सपाट तळाची बोट थांबलेली असताना स्थिर राहते, गळ टाकून निवांत बसता येतं; पण लाटांतून जाताना आपटत जाते, मणके मोजून घ्यावेत. खोल तळाची लाट कापत जाते, पण थांबली की डोलत राहते. दोन्ही गुण एका बोटीत मिळत नाहीत. मास्तरला खोल तळ हवा होता. त्याचं म्हणणं, थांबण्याचं बघू नंतर, आधी जाऊ तरी.

तेव्हा मी या वाक्याला आकडेवारी मागितली होती.

खोल तळ नक्की.

स्वयंपाक दोघांचा केला. एकाचा आणि दोघांचा करायला गॅस जवळपास तेवढाच जळतो, त्यामुळे दोघांचाच कार्यक्षम. उरलेला डब्यात. फ्रीझरमध्ये आता जागा नाही. मोठा फ्रीझर बघावा का?

१५ मार्च, शनिवार

बसने बोटींच्या यार्डात गेले. माझी छोटी गाडी सर्व्हिसिंगला आहे. यार्डवाला गप्पिष्ट. विचारलं, साहेब नाही आले? म्हटलं, नंतर येतील. तो म्हणाला, इथे नेहमी साहेब येऊन ठरवतात आणि मागाहून मॅडम येऊन मोडतात. तुमच्याकडे उलटी गंगा दिसतेय.

पाच मीटर सत्तरची एक बोट बघितली. कड उंच, तळ खोल, डेकचं पाणी बाहेर काढायला मागे दोन भोकं, त्यांना झडपा. ट्रेलरवर उभी असतानाच आत चढले. दोन सीट आहेत. उजवीकडे सुकाणू. मी डावीकडे बसले आणि नोंदी घेतल्या. यार्डवाला खालून म्हणाला, मॅडम, चालवायची सीट दुसरी. म्हटलं, माहीत आहे.

दोष: डाव्या सीटसमोर धरायला दांडी नाही. बसवता येईल. इतर दोष सापडले नाहीत. पुन्हा शोधले. नाहीत.

थोडं अस्वस्थ वाटलं. बहुधा बसचा प्रवास.

२२ मार्च, शनिवार

समुद्रावर चाचणी. ही माझ्या आग्रहावरून. यार्डवाला म्हणाला, मॅडम, लोक रंग बघून घेतात हो. मी म्हटलं, भार लावल्याशिवाय मी साधा पंपसुद्धा पास करत नाही.

बोट दोन माणसांसाठी आहे, तेव्हा चाचणी दोन माणसांच्या भारानिशी व्हायला हवी. सुकाणू यार्डवाल्याकडे, डावीकडे मी. तो फक्त चालवणार, त्याचं वजन हिशेबात नाही. मास्तरचं वजन शहात्तर किलो. लॅबमध्ये अशा वेळी आम्ही खोटा भार बांधतो. वीस लिटरचे चार कॅन नेले होते. धक्क्यावरच्या नळाला तीन पूर्ण भरले आणि चौथ्यात, कॅनचं वजन धरून, बारा लिटर. मध्ये, दोन्ही सीटच्या मागे, पट्ट्याने बांधले. यार्डवाला बघत राहिला. मग म्हणाला, साहेब अगदीच अबोल आहेत.

किनारा मागे गेला. बोट छान चालते. लाट कापते, पाणी आत घेत नाही. मग मी इंजिन बंद करायला सांगितलं. ती किती डोलते हे घड्याळ लावून मोजायचं होतं. सातव्या डोलाला मला उलटी झाली. अकराव्याला परत. मोजणी चालू ठेवली.

एका मोठ्या लाटेत पट्टा सैल झाला आणि चौथा कॅन सरकायला लागला. तो मी धरला. मग धक्क्यापर्यंत धरूनच बसले. यार्डवाला म्हणाला, सोडा मॅडम, पाणीच आहे. म्हटलं, भार हलला तर निकाल चुकतो.

परत आल्यावर कॅन रिकामे करायचे होते. तीन कॅनचं पाणी ओतलं. चौथा बसमधून घरी आणला (गाडी अजून सर्व्हिसिंगलाच). कारण: गाडीच्या काचेला, झाडांना, कशालाही पाणी लागतंच.

बोट पास.

२६ मार्च, बुधवार

मास्तरचा फोन. चष्म्याच्या नंबरचा कागद हवा होता, फोटो काढून पाठव म्हणाला. तिथे नवीन चष्मा करतोय. जुना चांगला आहे. पण समुद्राकाठी उजेड जास्त असतो, त्यामुळे नवीन लागत असेल.

कशी आहेस, म्हणाला. म्हटलं, ठीक. मग तो काही बोलला नाही. त्याने फोनही ठेवला नाही. या वेळात मी त्याला फ्रिजचं सांगितलं, पाय समतल केल्यावर आवाज किती कमी झाला ते. तो म्हणाला, छान.

बोटीचं तोंडापर्यंत आलं होतं. आवरलं. योजना ती योजना.

ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, तो तिकडे कानात प्राण आणून बसला असेल आणि तू त्याला फ्रिज ऐकवलास?

ताईला तांत्रिक विषयांत रस नाही.

३१ मार्च, सोमवार

बोट घेतली. मुदतीच्या आत. डाव्या सीटसमोर दांडी बसवून देणार आहेत.

आता कारण उरलेलं नाही. लॅबमध्ये सगळ्यांना बर्फी दिली. साहेबांनी विचारलं, काय विशेष? म्हटलं, एक जुना प्रश्न सुटला.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी यार्डच्या ट्रकने बोट आणून इमारतीच्या आवारात, ट्रेलरसकट, उभी केली. मुलं जमली. सेक्रेटरीकाका चहाचा कप घेऊनच खाली आले. म्हणाले, हे जहाज कोणाचं? म्हटलं, आमचं. ते म्हणाले, पाणी कुठाय? मग म्हणाले, आज राहू दे, पण आठवडाभरात हलव, पोरी. तीन गाड्यांची जागा खाल्लीय तुझ्या जहाजाने.

तेवढं कशाला, उद्याच हलवते, म्हटलं. योजना अशी होती: पहाटे निघायचं, बोट दादाच्या दारात नेऊन उभी करायची, हॉर्न वाजवायचा.

माझी गाडी ट्रेलरपुढे लावली. खाली वाकून बघितलं. हिला हुकच नाही.

पुस्तिका काढली. माझी गाडी पाचशे किलो ओढू शकते. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून तेराशे पन्नास.

आता जे लिहिते ते नीट लिहायला हवं. गेला महिनाभर मी प्रत्येक बोटीचं वजन गाडीच्या क्षमतेशी पडताळून पाहिलं. प्रत्येक वेळी उत्तर आलं, चालेल. ते गणित बरोबर होतं. फक्त ती गाडी मास्तरची होती. १ मार्चपासून ती दादाच्या दारात आहे. ती गेलेली मी गॅलरीतून पाहिली होती, वळणापर्यंत.

म्हणजे जी बोट घेऊन मी त्याला आणायला जाणार होते, ती ओढायला आधी तो यायला हवा.

ताईला फोन केला. ती म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, मी येऊ का तिकडे?

नको म्हटलं. मग म्हटलं, ये.

६ एप्रिल, रविवार

ताई आली. फ्रीझर उघडला, बंद केला. दुपारी म्हणाली, त्याला बोटीचा फोटो तरी पाठव.

पाठवला. पाचच मिनिटांत त्याचा फोन आला.

आधी त्याने बोटीची चौकशी केली. कड किती उंच, तळ कसा. मी सगळं सांगितलं, झडपांसह. तो म्हणाला, उत्तम निवडलीस, इंजिनियर. यात दोष नाही काढता येणार. मी म्हटलं, तुझ्यासाठी घेतली. तो म्हणाला, मला विचारलंस का?

मी म्हटलं, तुला खोल तळ हवा होता, दोन सीट हव्या होत्या. तो म्हणाला, ते दोन वर्षांपूर्वी. आवाज चढवला नाही. म्हणाला, अगं, मी समोर बसून विचारत होतो तेव्हा तू बोटीकडे बघत होतीस. आता मी इथे आहे, तरीही तू बोटीकडेच बघतेयस. मग म्हणाला, इथल्या शाळेत जागा आहे, त्यांनी बोलावलंय. पुढच्या मंगळवारी, पंधरा तारखेला, हो की नाही कळवायचंय.

मी विचारलं, तिथला पगार किती. तो म्हणाला, तुला हेच विचारायचंय?

मी म्हटलं, हो.

ताई शेजारी बसली होती. तिने कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली.

८ एप्रिल, मंगळवार

लॅबमध्ये एक पंप आला. कारण सापडलं, काढलं, तरी थरथर तशीच. साहेब म्हणाले, मग ते कारण नव्हतं.

मी यार्डवाल्याला, बोट बनवणाऱ्या कंपनीला, ताईला, सगळ्यांना प्रश्न विचारले. मास्तरला एकही नाही. तो नाही म्हणेल, ही शक्यता चाचणीत येऊच नये म्हणून. हे मला माहीत नव्हतं असं लिहायला घेतलं होतं. खोडलं.

यार्डवाला बोट परत घ्यायला तयार आहे. विचारत होता, मॅडम, बोटीत काही दोष निघाला का? म्हटलं, नाही.

१० एप्रिल, गुरुवार. दुपार.

जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या जिन्यात बसून मास्तरला मेसेज पाठवला. पहिल्या खर्ड्यात बोटीची मापं होती, ती काढून टाकली. उरलं ते असं:

"तू गेल्यापासून मी नीट नाही. मी ठीक म्हटलं होतं, ते खोटं. बोटीचं काय करायचं ते नंतर बघता येईल, तिच्यासाठी विचारत नाहीये. तुला परत यायचं आहे का? यायचं नसेल तर मी तिकडे आलेलं तुला चालेल का? एकदा बोलायला. शाळेला मंगळवारी कळवण्याआधी मला कळव. रविवार, १३ एप्रिल, संध्याकाळपर्यंत उत्तर दे. नाही असलं तरी दे."