हिराकसाची गोळी

९ जानेवारी १९८४, पालघर

बोईसर ग्रामपंचायतीचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधार. सातव्या पायरीवर बसले. शिपाई म्हणाला, "बाई, सायेब खालीच हायेत, तुमी वर कशाला चालल्या?" म्हणजे चक्करही फुकट गेली.

संध्याकाळी हे डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉ.नी माझी पापणी खाली ओढली, बोटाला टोचलं आणि ह्यांना विचारलं, "रक्त साडेसात आहे. खातात काय ह्या?" मी समोर बसले आहे. वय शेहेचाळीस, वीस वर्षं शाळेत संस्कृत, आठ वर्षं मुंबईच्या दैनिकाला या भागाची बातमीपत्रं. द्वितीयपुरुष उपलब्ध असताना मला तृतीयपुरुषात टाकलं.

हे म्हणाले, "तसं सगळंच खाते." सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी: साबुदाणा. बाकीच्या दिवशी सगळ्यांचं होऊन उरेल ते. वर दर दोन तासांनी चहा, जेवणानंतर तर हवाच. ह्यांना हे ठाऊक नाही, कारण मी जेवते तेव्हा हे पेपर वाचत असतात. कधीकधी त्यात माझंच बातमीपत्र असतं.

डॉ.: "आहारात लोहच नाही. गोळ्या द्या त्यांना, सहा महिने तरी." पुढेही काही सांगत होते. ऐकलं नाही. डोक्यात नुसती आग.

११ जाने.

पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरात फेरस सल्फेट. शाळेतल्या रसायनाच्या सरांना विचारलं. "अहो बाई, हिराकस!"

हिराकस म्हणजे आपलं कासीस. पाठशाळेत गुरुजी हिरडे उकळून त्यात टाकायचे, शाई व्हायची. आणि बेटेगावच्या ओढ्याचं पाणी गेल्या महिन्यात हिरवट झालं, काठाला गंजाचा थर बसला, तेही हेच. तारा आम्लात धुणाऱ्या कारखान्याचा मॅनेजर मला हसून म्हणाला होता, "मॅडम, जहर थोडे ही है? हिराकस है." मी ते वाक्य जसंच्या तसं छापून आणलं. आता तेच, वर लाल साखर लावून, माझ्याच हातात.

घेणार नाही.

हे म्हणतात, "डॉक्टरला जास्त कळतं का तुला?" या वाक्यानंतर तर नाहीच नाही.

१२ जाने.

ओढा पुन्हा पाहायला बेटेगावला. मग काठावरच्या पाड्यात, यमीच्या ओट्यावर. तिला आठवा महिना. पोट पुढे, हसणं त्याच्याही पुढे. सरकारी दवाखान्याची सिस्टर पोटुशींना गोळ्या वाटते. यमीच्या पुडीतही ह्याच लाल गोळ्या. ती घेत होती, मुकाट्याने, रोज एक.

यमीच्या सासूने बिनदुधाचा चहा दिला. चारपाच बायका जमलेल्या. मला शिकवायची खोड. माझी एक गोळी दगडाने फोडली, चहात टाकली, काडीने ढवळली. चहा काळाकुट्ट. दौतीत भरावा असा.

"बघा," म्हटलं, "दवाखाना आपल्याला शाई पाजतो!"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. यमी म्हणाली, "म्हंजे पोर लिवायला शिकूनच बायेर येल काय, बाई?" सगळ्यांत मोठ्याने मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

१४ जाने. संक्रांत

सिस्टर दारात. तीळगूळ पुढे केला, घेतला नाही.

"तुम्ही शिकलेल्या ना हो? पाचजणींनी गोळ्या ओढ्यात टाकल्या. शाईची गोळी म्हणतात, आणि वर तुमचं नाव सांगतात! त्या यमीचं रक्त सहा आहे. बाळंतपणात अंगावरून गेलं तर पालघरपर्यंत पोचेल का ती?"

मी अजून तोऱ्यात. "पण आहे ते हिराकसच, सिस्टर. ओढ्यात येतं तेच."

"मीठ समुद्रातपण असतं. सातपाटीच्या बायका समुद्र ओततात का कालवणात?"

मी तीळगुळाची वाटी खाली ठेवली.

"तुम्ही स्वतः किती घेतल्या?"

"एक."

"कधी?"

"...चहात टाकली ती."

उठून गेली. तिच्या वयाची माझी विद्यार्थिनी असती तर वर्गाबाहेर उभी केली असती, असं दुपारपर्यंत घोकत होते. दुपारनंतर घोकता येईना. पाचजणी म्हणाली. मी गोळीशी भांडत नव्हतेच, भांडण डॉक्टरशी आणि ह्यांच्याशी. त्यात यमी कुठून

१६ जाने., सोमवार

उपास मोडला. मुद्दाम, ह्यांच्यासमोर, दोन भाकऱ्या आणि मेथी. हे बघतच राहिले.

डॉ.कडे एकटी गेले. विचारलं, चहात काळी का होते?

"शाईच होते की! चहातला तुरटपणा लोहाला धरून बसतो, मग ते अंगी लागत नाही. म्हणून तर सांगितलं होतं, चहाबरोबर नको, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या."

"कोणाला सांगितलं होतं?"

"यजमानांना."

"डॉक्टर, रक्त यजमानांचं कमी आहे का?"

मग प्रथमच माझ्याकडे बघून बोलले. ओढ्यातलं आम्लासकट, कारखान्याच्या सगळ्या घाणीसकट येतं. गोळीतलं शुद्ध केलेलं, मोजून घातलेलं. नाव एक असलं म्हणून...

पाठशाळेत धातूंच्या शोधनाचा अख्खा अध्याय पाठ केला होता. कासीस शुद्ध केल्याशिवाय पोटात घ्यायचं नाही, हे मी चौदाव्या वर्षी घडाघडा म्हणायची. राग आला की अध्याय आठवत नाहीत.

घरी ह्यांना विचारलं. "हो, म्हणाले होते बुवा कायसं चहाचं." पेपर तोंडासमोरच. काढून घेतला. घडी घालून चुलीजवळ ठेवला.

१७ जाने.

बेटेगाव. पिशवीत लिंबं, गोळ्यांचं नवं पाकीट. त्याच ओट्यावर त्याच बायकांना सगळं सांगितलं. माझं चुकलं, हेही. विनोद न करता बोलायला फार जड गेलं.

सासू म्हणाली, "त्या दिशी येक सांगलांत, आज येक. बाईंचं खरं धरायचं तरी कंचं?"

यमी म्हणाली, "आदी तुमी खा."

खाल्ली. लिंबाच्या पाण्याबरोबर. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत.

"उद्या या," यमी म्हणाली. "परवा बी या. तुमी जित्या रायल्या तं बगू."

हसली, पण गोळीला हात लावला नाही.

१८ जाने.

दुपारच्या एसटीने गेले. दुसरी घेतली. "हाय अजून!" यमी ओरडली, शेजारणीला ऐकू जाईलसं. मी जिवंत असल्याचा इतका आनंद कोणाला झाल्याचं आठवत नाही.

पोटात मळमळ. हे म्हणाले, "बघ, सोसत नाही तुला. सोडून दे." आता हे म्हणतायत! नऊ तारखेला द्या म्हणणारे डॉक्टर, आता सोड म्हणणारे हे, दोन्ही वेळा माझ्या पोटाला न विचारता.

१९ जाने.

सकाळी परसाकडे काळं. घाबरले. मग आठवलं, डॉ.नी तेही सांगितलं असणार. ह्यांना.

बेटेगावला तिसरी. यमीने आज गोळी तळहातावर घेतली. वास घेतला. "गंजाचा वास येतो, बाई." म्हटलं, येतोच. खोटं कशाला बोलू? पाकीट तिच्याजवळ ठेवून आले. दोन लिंबंही. "उद्या घ्येते," म्हणाली. "तुमी आल्यावं. तुमच्यासंगं."

२० जाने.

बातमीपत्राची तातडी, वर संपादकांचा ट्रंककॉल. गेले नाही. गोळीही राहिली.

२१ जाने.

ओट्यावर सासू एकटी. वाल निवडत होती.

"गेली. मुकादमाचा ट्रक आलता काल. भट्टीवं."

"आठव्या महिन्यात? विटा थापायला?"

"नवराबायकोची जोडी पायजे म्हनाला. येकल्या गड्याला घेत नाय."

"कुठली भट्टी?"

"भिवंडीकडं."

भिवंडीकडे भट्टी काय एकच आहे? मालकाचं नाव विचारलं. म्हातारीला मुकादमाचंही ठाऊक नाही. मी आवाज चढवला. तिच्यावर! ती शांतपणे वाल निवडत राहिली.

"काल येनार होत्या ना तुमी?" म्हणाली. "ट्रक हारन मारीत व्हता, तरी वाट बगत उबी व्हती."

शेवटी विचारलं, गोळ्यांचं पाकीट नेलं का?

"पदराला कायतरी बांदत व्हती. मी नाय बगलं."

चौथी गोळी तिथेच घेतली. म्हातारीची नजर सुपात.

उद्या सिस्टरला सांगायचं आहे. काय सांगायचं ते लिहून पाहिलं, तीन वाक्यं झाली. तिन्ही खोडली. कशीही फिरवली तरी कर्ता मीच येते.