काजूची झाडं आणि तुमच्या दिरांचा शर्ट

बोरिवली (पश्चिम),
२६ मे १९८५

ती. सौ. जयंतीवहिनींना,

उत्तराचा वाकून नमस्कार. नव्या तेलाने तुमच्या गुडघ्यांना उतार पडला का? दादांचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही खुशाल आहोत. तुमचे धाकटे दीरही खुशाल आहेत, हे मुद्दाम वेगळं लिहिते, कारण गेल्या रविवारी ते थोडक्यात वाचले.

ह्यांचे मित्र चंद्रप्रकाश तुम्हाला आठवत असतील. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी गोराईला काजूची बाग चालवायला घेतली. (दिवाळीला पाठवलेले काजूगर त्यांचेच.) तिथल्या काही जुन्या झाडांना खोडकिडा लागला. आतून पोखरलं की खोडातून डिंक वाहायला लागतो, आणि कीड पसरू नये म्हणून असं झाड पाडून जाळावंच लागतं. हे ह्यांच्या कानावर पडलं मात्र, सुरक्षिततेची सगळी जबाबदारी ह्यांनी अंगावर घेतली. (विम्याच्या ऑफिसात अपघाताचे दावे तपासून तपासून ह्यांना जगात कुठेही फक्त अपघातच दिसतो.) शिट्टी विकत आणली. मीही डबा घेऊन सोबत गोराईच्या होडीत बसले.

खोटं कशाला बोलू, ह्यांच्या सूचना वाईट नव्हत्या. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यायची, करवत मागून चालवायची, पळायची वाट आधीच साफ करून ठेवायची, झाडाच्या दुप्पट उंचीच्या आत कुणी उभं राहायचं नाही. डिंकाने करवत अडकते म्हणून ती रॉकेलने पुसायची, आणि काजूचा चीक अंगावर उठतो म्हणून हातांना खोबरेल लावायचं. चंद्रप्रकाश आणि त्यांची बायको प्रेमा यांनी सगळं निमूट ऐकलं आणि ते करवतीला लागले. हे स्वतः दुसऱ्या एका झाडाला टेकून, शिट्टी तोंडात धरून बसले. पहिली दोन झाडं इतकी शहाण्यासारखी पडली की मी डबा उघडायला घेतला.

तिसरं आतून पार पोकळ निघालं. अर्धं कापून होतंय तोच खोड कडकन मोडलं, झाडाने गिरकी घेतली आणि ते भलतीकडेच कललं. ह्यांनी झाडाची उंची मोजली होती, पसारा मोजलाच नव्हता. (काजू आडवा केवढा वाढतो, ते त्याच्या सावलीत बसूनसुद्धा ह्यांच्या लक्षात आलं नव्हतं.) ते झाड ह्यांच्या झाडाच्या फांद्यांत जाऊन अडकलं आणि बरोबर ह्यांच्या डोक्यावर करकरत लोंबकळू लागलं. मी ओरडले, "अहो, पळा!" तर हे जागचे हलेनात. मला वाटलं, ऐकूच आलं नाही. तसं नव्हतं. टेकले होते तेही झाड किडीचंच, आणि तासाभरात शर्टाची अख्खी पाठ डिंकाने खोडाला चिकटली होती. ओढून पाहिलं तर वरचं झाड आणखी वीतभर खाली आलं. वहिनी, माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. चंद्रप्रकाश पुढे धावले, तर ह्यांनी तशातही जोरात शिट्टी फुंकून त्यांना परत पाठवलं. अडकलेल्या झाडाखाली कुणी जायचं नाही!

प्रेमा मात्र लांबूनच शांतपणे म्हणाली, "भावजीनू, झाडाक हिसको देव नकात. बटणा सोडा नि शर्टातून भायर येवा."

तरी हे बटणांशी चाळवाचाळव करत बसलेले. आत बनियन नव्हतं. शेवटी प्रेमा पाठ फिरवून उभी राहिली, तेव्हा हे अलगद शर्टातून निघाले आणि गुडघ्यांवर रांगत माझ्यापर्यंत आले. मी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मग चंद्रप्रकाशांनी बुंध्याला दोर बांधून लांबून ओढलं आणि झाड धाडकन खाली आलं, हे बसले होते बरोबर तिथे. प्रेमाने कुणाला न विचारता सगळ्यांसाठी चहा ठेवला.

दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
उत्तरा

ता. क. पाठीवर चिकाचे फोड उठलेत. मी खोबरेल लावते, आणि हे पालथे पडून मला सूचना देतात.

ता. क. २. पत्राचं खरं कारण हे की, परसातला फणस घरावर कलला आहे, पाडावा म्हणतो, असं दादांनी लिहिलं ते ह्यांनी वाचलं. तो फणस देवचाराचा आहे, राखणदार कोपेल, हात लावायचा नाही, असं काहीतरी उलटटपाली कळवा.

ता. क. ३. ते नको. फणस पाडूनच टाका, आणि येत्या शनिवारच्या आत. ह्यांची रजा मंजूर झाली.