मास्तरांचा एक श्वास

प्रिय धांदरटबाई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी निदान पत्ता तरी पुसट नव्हता. लेकीला दात येताहेत आणि नवरोजी स्वयंपाक शिकताहेत, हे वाचून बरं वाटलं. त्यांच्या हातचं खाऊन तू अजून शाबूत आहेस, हे त्याहून बरं. पण शेवटी तुझं ते पालुपद आहेच, 'ये म्हणतेस ताई, पण बाबांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?' दर वेळी हे वाचून मी चिडते आणि उत्तर न देता दुसरंच काहीतरी लिहिते. आज तसं करणार नाही. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. पण जरा दमाने घे, आधी स्टेशनच्या बातम्या.

आपलं जुनं स्टेशन महिनाअखेरीस बंद होतंय. शेजारी नवीन उभं राहिलंय, सगळं काचेचं. लोक आत शिरता शिरता केस नीट करून घेतात. माझी तिकिटाची खिडकी जाणार. फलाट दोनदा उंच केला, इमारत मात्र होती तिथेच राहिली, म्हणून ती खिडकी लोकांच्या कमरेला आलेली, आठवतं ना? इतकी वर्षं अख्खं गाव माझ्यासमोर वाकत आलंय. बँकेचे साहेब वाकले, तुला अंगठे धरून उभं करणाऱ्या मुख्याध्यापिकाही वाकल्या. आता ताठ माणसांशी बोलायची सवय करायला हवी.

आणि नवा फलाट सरळ, म्हणून स्टेशनमास्तर बाबांचा बावटाही जाणार. जुना फलाट वाकडा का, हे तुला त्यांनी शंभरदा सांगितलंय, पण मी एकदा सांगतेच. रूळ टाकताना कुणा जमीनदाराने आपली बाग द्यायला साफ नकार दिला, म्हणून गाडी त्या बागेला वळसा घालून गेली आणि फलाटही तिच्यासोबत वळला. इंजिनातून शेवटचे डबे दिसत नाहीत, त्यामुळे मास्तरांनी हिरवा बावटा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. बाग गेली, जमीनदार गेला, गिरणी बंद पडली, पाळीवाल्यांच्या जागी ऑफिसवाले आले. पुलावरून कुणी धावत येताना दिसलं की बावटा उचलण्याआधी बाबा एक लांब श्वास घेतात, हे मात्र तसंच राहिलं. श्वास घेऊन सोडेपर्यंत जो चढला तो चढला. गावात त्याला मास्तरांचा श्वासच म्हणतात. त्या श्वासाच्या जिवावर तुझं अख्खं कॉलेज झालं. एक चप्पल पायात, एक हातात, आणि तोंडात रिबीन.

त्या सकाळीही तू तशीच आलीस. मी खिडकीतून बघत होते. बाबा थांबले, तू चढलीस, दारातून हात हलवलास, त्यांनी बावटा दाखवला. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला, लग्न केलं म्हणून. आत्याने घर डोक्यावर घेतलं. तिच्या पुतण्याशी तुझं लग्न लावायचा शब्द तिने बाबांकडून घेतला होता ना! स्वतःच्या हाताने गाडी थांबवून पोरगी पाठवलीस, इतका कसा रे भोळा तू, असं ती आल्यागेल्या सगळ्यांसमोर ऐकवायची. गावाला तर विषयच मिळाला. बाबा कुणासाठी थांबले की चहावाले काका विचारणार, मास्तर, आज कोण पळून चाललंय? बाबा हसायचे आणि पुढच्या माणसासाठी पुन्हा थांबायचे. मला वाटायचं, हा माणूस आतून पार खचलाय. तू त्यांच्या मायेलाच फसवलंस असं तुला वाटतं, तसं खरं सांगू, मलाही वाटायचं. म्हणून तर तुला उत्तर देता येत नव्हतं.

परवा आम्ही त्यांच्या स्टेशनातल्या खोलीतलं सामान आवरत होतो. तुझं पत्र नुकतंच आलेलं, माझं डोकं तापलेलं. मी बोलून गेले, की तिने तुम्हाला फसवलं या लाजेने ती येत नाही. बाबा बावट्याची काठी पुसत होते. हात थांबला. म्हणाले, "मी मास्तर आहे गं, आंधळा नाही. कॉलेजला कुणी उशी घेऊन जातं का?"

तुझी उशी, बाई! बॅगेतून अर्धी बाहेर आलेली. तिच्याशिवाय तुला झोप येत नाही, हे त्यांना माहीत नसेल? मग ते थोडं थोडं बोलले. बहिणीला शब्द दिलेला, तो मोडायचा धीर झाला नाही. तुला तोंडाने 'जा' म्हणवेना. गाडी थांबवणं तेवढं हातात होतं, ते केलं. आत्याला खरं सांगण्यापेक्षा भोळा ठरलेलं त्यांना परवडलं. मी विचारलं, मग तिला तरी कळवायचं होतं! तर म्हणाले, "तिला कळलंय असंच मला वाटलं. तिने हात हलवला ना." आणि तू येत नाहीस ते रागाने, आपण तुझी बाजू घेऊन बोललो नाही म्हणून, असं ते इतकी वर्षं धरून बसलेत. काय म्हणावं तुम्हा दोघांना! मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

आता ऐक, हे पत्र कशासाठी ते. महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीला बाबा शेवटचा बावटा दाखवणार, मग निवृत्त. काल जेवताना ताटात बघत त्यांनी मला विचारलं, लहान मूल घेऊन उतरायला वेळ लागत असेल, नाही? मी म्हटलं, लागतो की. त्यांनी ताटातला भात कालवला. मग म्हणाले, "एका श्वासात नाही व्हायचं. लागू देत कितीही." म्हणजे तू उतरल्याशिवाय ती गाडी हलत नाही, एवढं समज. सावकाश उतर, आयुष्यात एकदा तरी. आणि हो, येताना उशी घेऊन ये.

वाट बघणारी, तुझीच,
खिडकीतली ताई