ब्रुअरीच्या पत्त्यावर

प्रिय शार्दूल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला टाकशील, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवलाय. तू माझा नंबर बंद केलास त्याला चौदा महिने झाले. घरचा पत्ता अमितावहिनींकडे मागितला असता, तर कशासाठी तेही सांगावं लागलं असतं. तुझ्या ब्रुअरीच्या वेबसाइटवर होता तोच घेतला. तिथे तुझा फोटोही आहे. पोट सुटलंय. मागे त्या दोन जुन्या दुधाच्या टाक्या दिसतात. डावीकडच्या टाकीच्या झाकणाखालचा वेल्डिंगचा जोड तूच मारलेला असणार. आयटीआयपासून तुझा हात शेवटाला घाई करतो, तो अजून तसाच. असो. वाचायला घेतलंस तर शेवटपर्यंत वाच, मध्येच ठेवू नकोस.

मी अजून सौदीत, किंग अब्दुल्ला सिटीतच आहे, म्हणजे या महिनाअखेरपर्यंत. आपला तो जुना कॅम्प आता पाडला. नव्या कॅम्पात खोलीत चौघेच असतात, एसी चालतो, पण तुझ्यानंतर माशाचं सार कुणाला जमलं नाही. कोकम संपलं की मी चिंचेवर भागवतो आणि सगळे माझ्या नावाने बोटं मोडतात. काम तेच, स्टीलच्या टाक्या. आधी ज्यूसवाल्यांचं केलं, आता एका डेअरीचं चालू होतं. तू असताना आपण जेवायच्या सुट्टीत टाकीच्या सावलीत बसायचो, तसा मी अजून बसतो. तू अमेरिकेला गेल्यावर पहिली चार वर्षं तुझे व्हॉइस मेसेज मी तिथेच बसून ऐकले.

खरं सांगू? मी न पिणारा माणूस, पण तिकडे कुठल्या गावची बिअर कशी लागते ते मला तुझ्यामुळे पाठ झालंय. सॅन दिएगोची कडू, व्हर्मांटची गढूळ आणि फळासारख्या वासाची, मिलवॉकीला जर्मन लोकांनी नेलेली जुनी साधी. कॅलमझूत बेल्सवाल्याने म्हणे सूपच्या पातेल्यात सुरुवात केली. मला सगळ्यांत आवडली ती चिकोची गोष्ट. सिएरा नेवाडावाल्यांनी जुन्या डेअऱ्यांतलं टाकून दिलेलं सामान जोडून कारखाना उभा केला. ते ऐकून मी इथल्या डेअरीच्या टाकीवर थाप मारली होती. आणि मेन राज्यातल्या अलागॅशचं सांगताना तर तुझा आवाज बदलला होता. ते लोक बार्लीचा गरम काढा मोठ्या उथळ कढईत उघडा ठेवतात आणि हवेतलं खमीर आपोआप त्यात उतरतं. तू म्हणालास, “हाशम, हे तर बाबांचं मडकं! बाबांनी कधी खमीर विकत आणलं?” तू किती वेळ बोलत होतास. माडीला आपल्याकडे लोक नाक मुरडतात आणि इथे माणसं आपल्या गावच्या पाण्याचा, गावच्या हवेचा पेला अभिमानाने पुढे करतात, म्हणालास. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याच्या पोराला ही लाज कुणी शिकवली, असंही म्हणालास. मी त्यावर काहीच पाठवलं नाही. तुला वाटलं असेल, मला आवडलं नाही.

मग तू ते बंद पडलेलं दूध संकलन केंद्र घेतलंस, दोन टाक्या मिळवल्यास आणि मला व्हिडिओवर म्हणालास की टाकीभोवती थंड पाण्याचं जॅकेट कसं बसवायचं ते टप्प्याटप्प्याने दाखव. मी नाही म्हणालो. दारूच्या भांड्याला माझा हात लागणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही, असं म्हणालो. त्यावर मी आजही ठाम आहे, उद्याही असेन, आणि तेवढ्याने आपण तुटलो नसतो हे तुलाही माहीत आहे. तू हसून म्हणाला होतास, “बरं बाबा, तुझा अल्ला तुझ्याकडे. पण पहिल्या बिअरला मी बाबांचं नाव देतोय, पांडू. त्याला तरी हो म्हण.” आणि मी म्हणालो, “पिऊन माडावरून पडलेल्या माणसाचं नाव बाटलीवर लावणार?”

तुझा चेहरा पडद्यावर तसाच थांबला होता. मला वाटलं, नेट गेलं.

आता दोन महिन्यांपूर्वीचं सांगतो. आमच्याकडे नदीम म्हणून फिटर आहे, लखनौकडचा, चाळिशीचा, अतिशय नेटका माणूस. डेअरीच्या एका उभ्या टाकीला खालून पाइप जोडायचा होता. वेल्डिंगच्या जोडाला आतून आरगॉन गॅस लावला होता. जेवायच्या सुट्टीत तो कुणी बंद केला नाही आणि तासभर टाकीच्या तळाशी साचत राहिला. वास नाही, रंग नाही, आणि श्वासाला हवा उरत नाही. हवा तपासायचं मीटर दोन महिन्यांपासून बिघडलेलं, मी तीनदा लिहून दिलं होतं. साइट इन्चार्ज उसामा घाईत होता. त्याने नदीमला सांगितलं, आत जाऊन जोड बघून ये, यल्ला, लवकर. नदीम शिडीने उतरला. मी बाहेरून हाक मारली तर उत्तर नाही. वाकून पाहिलं, तर तो तळाशी झोपल्यासारखा पडलेला, आणि उसामा त्याच्यामागे आत उडी मारायला निघालेला. मी त्याला कमरेला धरून मागे ओढला, अक्षरशः खाली पाडला. आरगॉन बंद केला, ब्लोअरची नळी आत सोडली आणि घड्याळ बघत उभा राहिलो. दोन मिनिटं. शार्दूल, आयुष्यात एवढा वेळ कधी उभा राहिलो नाही. मग कमरेला दोर बांधून, श्वास धरून उतरलो. नियमाप्रमाणे तेही चूकच होतं. पण श्वासाचा सेट साइटवर नव्हता. वर दोघांनी ओढलं. तो निळा पडला होता.

तुझ्याही टाकीत बिअर आंबताना जो गॅस सुटतो तो असाच तळाला बसतो. तुझ्या बिअरविषयी मला काही सांगायचं नाही. पण मीटर खाली सोडल्याशिवाय टाकीत डोकं घालशील तर याद राख.

नदीम वाचला. अकरा दिवस जेद्दाच्या हॉस्पिटलात होता, उजवा हात अजून मंद आहे, शब्द शोधावे लागतात. मी दर शुक्रवारी त्याला भेटायला जायचो. दुसऱ्या शुक्रवारी तो म्हणाला, “हाशमभाई, गलती मेरी ही थी।” त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. ठेकेदाराच्या माणसांनी येऊन त्याला सांगितलं होतं की तू परवानगीशिवाय आत शिरलास, आणि बिचाऱ्याने ते खरं मानलं होतं. बायकोलाही फोनवर तेच सांगितलं होतं. आणि ती, त्याला नीट बोलताही येत नव्हतं अशा अवस्थेत, त्याच्यावर रागावली होती.

दुसऱ्या दिवशी उसामाने मला ऑफिसात बोलावलं. समोर अरबीतला कागद, खाली साक्षीदार म्हणून माझं नाव छापलेलं. त्याला वाटलं, मी बघेन आणि सही करीन. मी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. कामगार स्वतःच्या मर्जीने शिरला. मीटर चालू स्थितीत होतं. उसामा वाईट माणूस नाही. त्याचे डोळे लाल होते, तो म्हणाला, “हाशम, नदीम तर जिवंत आहे. आता बोलून काय बदलणार आहे?”

हे शब्द मी आधी ऐकले होते, शार्दूल. आपल्या गावच्या बोलीत.

मी सही केली नाही. कॅम्पात येऊन माझ्या इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, चार पानं लिहिली. कोणी काय सांगितलं, किती वाजता, मीटरबद्दल मी कोणत्या तीन तारखांना लिहून दिलं होतं ते सगळं. त्या तिन्ही कागदांचे फोटो माझ्या फोनमध्ये होते. डेअरीच्या सेफ्टी ऑफिसरकडे स्वतः नेऊन दिली, पोच घेतली. ठेकेदाराने आधी गोडीने सांगितलं, मग इकामा, राहायचा परवानाच, रद्द करायची भीती घातली, मग कॅम्पात माझ्याशी बोलायचं नाही असं पोरांना बजावलं. सहा आठवडे मी एकटा जेवलो. चौकशी झाली. अपघात कामावरचा, चूक व्यवस्थेची, असं लिहून आलं. नदीमचे उपचार आणि भरपाई आता त्यांच्यावर आहे. मी तो कागद घेऊन नदीमकडे गेलो आणि त्याच्या बायकोला फोन लावून मोठ्याने वाचून दाखवला. ती रडली. तो मात्र माझ्याकडे बघून नुसता मान हलवत होता, होय, होय, असं. माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. फायनल एक्झिट. एकोणीस वर्षं झाली, खलास. मला त्याचं वाईट वाटत नाही, हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतं.

आता मूळ गोष्ट. आपण सतरा वर्षांचे होतो, तुझी त्या दिवशी आयटीआयला प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी ताप आला म्हणून घरी होतो, आणि आमच्या वाडीत अब्बांबरोबर उभा होतो. खाडीकडचा तो माड भुंग्याने पोखरलाय, पाडून टाका, असं पांडूकाकांनी अब्बांना दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी मी ऐकलं. अब्बा म्हणाले, एवढा हंगाम जाऊ दे. त्या सकाळी काका चढले ते शुद्धीत, नेहमीसारखे, मला हसत हाक मारून. उतरताना त्यांनी खाचेत पाय ठेवला आणि खाचेसकट खोडाचा तुकडाच सुटून आला. कमरेचं भरलेलं मडकं त्यांच्याच अंगावर फुटलं. लोक धावत आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना माडीचा वास येत होता. कुणीतरी म्हणालं, पिऊनच चढला वाटतं. अब्बांनी काकांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते रडत होते, पण हे ऐकून ते गप्प राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तो माड तोडला. मी घरी विचारलं तेव्हा म्हणाले, “आता बोलून माणूस परत येणार आहे का?” मग मीही गप्प राहिलो. तुझ्या शेजारी बसून आयटीआय केलं, तुझ्याबरोबर विमानात बसलो, तेरा वर्षं तुझ्या हातचं जेवलो, आणि गप्प राहिलो. बाटलीवर ते नाव येणार म्हटल्यावर मी घाबरलो. लोक विचारतील, कोण हा पांडू, कसा गेला, आणि सगळं पुन्हा निघेल. म्हणून मी ते वाक्य बोललो. बोलताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. मी श्रद्धेच्या आड लपलो, आणि माझ्या श्रद्धेचा त्यात काही दोष नव्हता.

गावाकडून आमची शरफुन्निसा सांगते की तू ब्रुअरी काढल्यापासून भामाकाकी तुझ्याशी बोलत नाही. अमितावहिनी रविवारी फोन करतात तेव्हा त्यांची चौकशी करते, पण तुझं नाव काढत नाही. नवऱ्याला ज्याने खाल्लं तेच पोरगं विकतंय, असं म्हणते. एकोणतीस वर्षं ती गावात मान खाली घालून वावरली. तुम्हा मायलेकांत जे उभं आहे ते माझ्या गप्प बसण्याने उभं केलंय. मी तुझी माफी मागतो, पण पत्र लिहायचं कारण ते नाही. मी अठ्ठावीसला निघतोय. तीस तारखेला सकाळी मी तुमच्या पडवीत जाऊन काकीला हे सगळं, माडापासून मडक्यापर्यंत, सांगणार आहे. अब्बांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, माझे डोळे मिटेपर्यंत थांब. मी म्हणालो, काकीही पंच्याहत्तरीची झाली, तिच्याआधी मिटतील याची खात्री द्या, मग थांबतो. त्यांनी तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, रिक्षा सांगून ठेव, मला एवढं चालवणार नाही. तेव्हा तीस तारखेला, तुझी पहाटही झाली नसेल, तुला आईचा फोन येईल. ती काय बोलेल मला माहीत नाही. कदाचित नुसती रडेल, कदाचित मला घराबाहेर काढून मग तुला फोन करेल. तिच्या तोंडून ऐकशील ते खरं आहे की म्हातारीला भास झाला, असा प्रश्न तुला क्षणभरही पडू नये, म्हणून हे माझ्या हाताने लिहून, खाली सही करून पाठवतोय. फोन उचल.

तू माझा राहिला नसलास तरी तुझाच,
हाशम