मामंजी, तुम्ही गाडीसमोर बसला होतात

ती. मामंजींस,

वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना पहिल्या ओळीत साष्टांग नमस्कार घालावा, असं माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं. ते शाळामास्तर होते, म्हणून तर मला लिहिता येतं. आज तो नमस्कार लिहायला हात वळत नाही. सोडून देते.

काल तुमचं तेरावं झालं. अंगणात पंगती बसल्या आणि जो तो म्हणत होता, वाघासारखा माणूस गेला. मी पदर पुढं ओढून भात वाढत होते. मला कुणी काही विचारलं नाही, ते बरंच झालं. या घरात आल्यापासून मी तुमच्याशी दाराआडून, नाहीतर पदराआडूनच बोलत आले. पाणी तापलंय. ताट वाढलंय. पाव्हणं आल्यात. याच्यापलीकडं सुनेनं सासऱ्याशी काय बोलायचं? आता तुम्ही मधेच खाकरून मला गप्प करू शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

पण खरं कारण दुसरंच आहे. गेल्या महिन्यात तुमच्या पाठीवर काळपुळी उठली. सूज मानेपर्यंत चढली, अंगात ताप भरला, आणि तुम्ही अंथरुणातून ओरडलात, “आबाला सांगा गाडी काढायला. मला सांगलीला न्या.” मी चुलीपुढं बसले होते. तव्यावरची भाकरी जळून गेली तरी मला कळलं नाही.

आबाला सांगा? आबांची गाडी? मामंजी, तुम्ही हे म्हणालात?

आबा तुमचे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. त्या बांधावरूनच तुमचं बोलणं बंद झालं होतं. त्यांनी तो तुमच्या बाजूला हातभर सरकवला, असं तुमचं म्हणणं. तुम्हीच सरकवला, असं त्यांचं. खरं कुणाचं, हे मला आजही माहीत नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. त्यांच्या घरी लग्न झालं, तुम्ही गेला नाहीत. त्यांची आई वारली, तेव्हाही गेला नाहीत. भाऊबंदकी म्हणून मी ते सगळं सोडून दिलं. एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. सोडणारही नाही.

लढाईची वर्षं होती. तुमचा मुलगा पलटणीतून सुटीवर आला होता. तिकडं आगीतून अंगावर ओरखडा न घेता आलेला माणूस, आणि इथं आपल्याच मळ्यात, तोडलेल्या उसाच्या बुडख्यावर त्याचा पाय पडला. चपलेचा तळ फोडून तो बुडखा पावलात घुसला. हे हसले आणि म्हणाले, “जपान्यांनी सोडलं, आन उसानं धरलं.” हळद भरून फडकं बांधलं. दोन दिवसांत पाऊल भाकरीसारखं फुगलं. मग घोट्यापासून वर एक तांबडी रेघ चढायला लागली. मी पदराआडून तुम्हाला म्हटलं, “तालुक्याला न्यायला पायजे.” तेव्हा तुम्ही ऐकलंत, हे मी कबूल करते. बैलगाडी जुंपलीत. मीही बरोबर आले.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी ती रेघ बोटानं नुसती दाखवली. म्हणाले, “हे विष वर चढतंय. माझ्याकडं चिरफाडीची सोय नाही. इथूनच पुढं सांगलीला न्या. आजच्या आज. घरी नेऊ नका.”

घरी नेऊ नका, असं ते म्हणाले. तुम्हीही ते ऐकलंत.

सांगलीला जाणारी सर्व्हिस मोटार पेट्रोलवाचून बंद पडली होती. बैलांनी सांगली गाठायची तर दुसऱ्या दिवसाची दुपार झाली असती. ठीक आहे, झाली असती. तरी पोचलो असतो. तुम्ही वेशीबाहेर आलात आणि कासरा ओढून बैल घराकडं वळवलेत. मी विचारलं, “मामंजी, सांगलीचा रस्ता त्या अंगाला हाय न्हवं?” तुम्ही मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, “तितं नेऊन पाय कापत्यात. लंगडं पोरगं घिऊन मी काय करू?”

तुमचा दवाखान्यावर विश्वास नव्हता, असंही नाही. तेच तर मला खातं. आपल्या खिलारी बैलाचा खूर सडला, तेव्हा तुम्ही त्याला हळूहळू चालवत, वाटेत पाणी पाजत ढोरांच्या डॉक्टरकडं नेलंत. तिथं तीन दिवस मुक्काम केलात. बैल बरा करून आणलात. मग पोटच्या पोराला परत का आणलंत?

घरी आणून बिब्बा घातलात. कुणीतरी सांगितलं म्हणून राखेचा लेप दिलात. रोज सकाळी मी फडकं सोडून नवं बांधायची. बोटं काळी पडली होती. घाण वास ओसरीपर्यंत येत होता. ताप एवढा, की हे आपल्या आईला, आत्याबाईंना, ओळखेनात, मला ‘सुभेदारसाब’ म्हणायला लागले. त्या देवापुढं बसून राहिल्या. आबांची मालाची लॉरी समोरच्या मळ्यात उभी होती. गूळ घेऊन सांगलीच्या पेठेत जायची ती गाडी. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मागं कोळशाची भट्टी बसवून तिच्या धुरावर चालायची. दारातून दिसत होती, मामंजी. तुम्हाला दिसत नव्हती का?

मी म्हणायच्या आधी तुम्हीच म्हणालात, “त्याची गाडी माज्या दारात आली, तर मी मेलो समजा.”

त्या दुपारी मी बांध ओलांडला. आबांच्या गुऱ्हाळावर गेले. कढईत रस उकळत होता आणि ते झाऱ्यानं वर आलेली मळी काढत होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, “आबा, गाडी पायजे.”

त्यांनी विचारलं नाही, की तुझ्या सासऱ्यानं पाठवलंय का. झारा गड्याच्या हातात दिला, हात धुतले आणि म्हणाले, “भट्टी पेटायला येळ लागंल. तू म्होरं हो. वाकळ काढून ठेव.”

गाडी आपल्या दारात आली. पाठीमागची भट्टी धुमसत होती. गुऱ्हाळावरच्या दोघा गड्यांनी ह्यांना वाकळेसकट उचलून वर ठेवलं. गाडीच्या फळ्यांना गुळाचा वास होता. त्या सडक्या वासात तो मिसळला. आजही घरात गुळाची ढेप फोडली, की मला तोंड फिरवावं लागतं.

आणि मग तुम्ही आलात. आपल्या दारातून मोठ्या रस्त्याला जायची वाट एकच, दोन्ही बाजूंना उभा ऊस. त्या वाटेवर, गाडीच्या अगदी पुढ्यात तुम्ही मांडी घालून बसलात. काठी मांडीवर आडवी. डोक्याचा पटका नीट बांधलेला. घाईत आला नव्हता तुम्ही. तयार होऊन आला होता.

आबा खाली उतरले. “दादा, बाजूला हो. पोरगं मरंल.”

तुम्ही म्हणालात, “मरू दे. माजं पोरगं हाय. तुज्या गाडीतनं जाऊन जगायचं आसलं, तर न्हाई जगलं तरी चालंल.”

हे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले. तापात असलेल्या तुमच्या मुलानं ऐकले की नाही, ठाऊक नाही. मी ह्यांना कधी विचारलं नाही. पण आत्याबाईंनी ऐकले. इतकी वर्षं तुमच्या शब्दापुढं ज्यांनी शब्द काढला नाही, त्या उंबऱ्यावरून उठल्या, गाडीत चढल्या आणि मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मग आबांना म्हणाल्या, “भावजी, ह्यास्नी बसू दे हितंच. तुमी गाडी बांधावरनं घाला.”

“वैनी, म्होरं हरबरा हाय माजा,” आबा म्हणाले. बोलता बोलताच ते गाडीत चाक धरून बसलेही होते.

गाडी मागं घेतली आणि त्या बांधावर घातली. ज्याच्यासाठी तुम्ही माणसं तोडलीत, तो बांध चाकाखाली ढासळला. गाडी कलली, मी फळीला धरून ठेवलं, आत्याबाई देवाचं नाव घेत होत्या. मग आबांचा घाट्यावर आलेला हरबरा चिरडत आम्ही पलीकडच्या रस्त्याला लागलो. मी मागं वळून पाहिलं. तुम्ही उठला नव्हता. रिकाम्या वाटेवर तसेच बसला होतात. कुणासाठी?

वाटेत गाडी दोनदा बंद पडली. आबा खाली उतरून भट्टी ढवळायचे, पंखा फिरवायचे, काळ्या हातांनी पुन्हा चाक धरायचे. नदी ओलांडून दवाखान्यात पोचलो, तेव्हा दिवे लागत होते.

सांगलीच्या डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि विचारलं, “इतके दिवस कुठं होता तुम्ही?” मी काय सांगायचं होतं? बांधावर होतो, असं? पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर माणूस जाईल, म्हणाले. चार दिवस आधी आणला असता तर बहुतेक एखाद्या बोटावर निभावलं असतं, असंही म्हणाले. ते ऐकून आबा बाहेर गेले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. कागदावर सही मी केली.

सही करताना सुनेचा हात थरथरला नाही, असं तुम्ही पुढं गावभर सांगत फिरलात. तुम्ही तिथं नव्हता, मामंजी. तो इतका थरथरत होता, की नर्सबाईंनी माझं मनगट धरलं.

तुम्ही आलात ते आठवड्यानं. ताप उतरला होता, हे उशीला टेकून पेज पीत होते. तुमची नजर चादरीवर, जिथं ती गुडघ्याखाली सपाट झाली होती तिथं गेली. मला वाटलं, आता तरी तुम्ही मुलाच्या तोंडावरून हात फिरवाल. तुम्ही विचारलंत, “सही कुणी केली?”

“माज्या बायकूनं,” हे म्हणाले. “म्हणून हितं बसलोय.”

त्यानंतर तुम्ही माझ्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलंत. जेवण आत्याबाईंनी वाढायचं. पाहुण्यांना सांगायचं, ‘हिनंच माज्या पोराचा पाय कापून आणला.’ मी दाराआड ऐकत असायची. तुम्हाला ठाऊक होतं, की मी ऐकते आहे. पलटणीकडून पुण्याला ह्यांना लाकडी पाय मिळाला. शेवग्याच्या झाडाला धरून अंगणात चालायला शिकत होते, पडत होते, आणि तुम्ही ओसरीवरून उठून आत जायचात. मुलगा पडलेला बघवत नव्हता, की चालायला लागलेला?

आता हे विहिरीवरचं इंजिन चालवतात. गावातली बिघडलेली इंजिनं लोक त्यांच्याकडं आणतात. तुम्ही कधी त्या विहिरीकडं फिरकला नाहीत.

आणि गेल्या महिन्यात स्वतःच्या पाठीवर काळपुळी आल्यावर तुम्हाला आबांची गाडी आठवली. आबा लगेच आले. एका शब्दानंही त्यांनी तुम्हाला काही ऐकवलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर ऐकवलं असतं. वाटेत कुणी आडवं बसलं नाही. दवाखान्यात नवीन निघालेल्या औषधाच्या सुया टोचल्या. जे शक्य होतं ते सगळं केलं, त्यात कुठं कमी पडलं नाही. तरी तुम्ही गेलात. तुम्हाला वाचवायला सगळे धावले, हे तुम्ही डोळ्यांनी बघून गेलात. तुमच्या मुलाच्या वाट्याला तेवढंसुद्धा तुम्ही येऊ दिलं नव्हतं.

घाटावर मडकं खांद्यावर घेऊन ह्यांनी तुम्हाला फेरे घातले. वाळूत लाकडी पाय रुतत होता. आबांनी दंड धरायला हात पुढं केला, तर नको म्हणाले. शेवटी तुम्हाला अग्नी ह्यांनीच दिला. तुमचा एकुलता एक मुलगा. त्या दिवशी आम्ही तुमचं ऐकून थांबलो असतो, तर कुणी दिला असता?

सून म्हणून माझ्याकडं जे येतं ते सगळं मी करीन. दर वर्षी तुमचं श्राद्ध होईल, पान मी वाढीन, कावळा शिवेपर्यंत उन्हात उभी राहीन. आत्याबाईंना शेवटपर्यंत सांभाळीन. त्यात कुचराई होणार नाही.

पण माफीची वाट बघू नका. आपल्याकडं सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढू नये म्हणतात. मीही आजवर काढलं नाही. पुढं कुणी विचारलं, की ह्यांचा पाय कसा गेला, तर मी देवाची मर्जी म्हणणार नाही, लढाईत गेला असंही म्हणणार नाही. मी तुमचं नाव घेईन. मोठ्यानं, पदर मागं सारून घेईन.

तुमच्या मुलाची बायको,
सुभद्रा