हलक्या मोळ्या

मंगळवार, सांजच्याला. तेलगावचा फड.

मणक्याचं ऑपरेशन करून बी कळ तशीच डाव्या पायात उतरती. तरी यंदा ऊस तोडाया आलो. आन् मला वाटत हुतं, जमतंय. बायको, सुमन, मोळ्या बांधती, आन् दोघं बी आपापली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॉलीत चढतो. काल आईला फोनवर म्हणलो बी, "पाठ लई सुधारली."

आज सुमन पाणी आणाया गेलती, म्हणून तिच्या वाट्याची मोळी मीच उचलाया गेलो. गुडघ्याच्या वर आली न्हाई. पाठीत अशी चमक निघाली की तिथंच बसलो. मग शेजारची, माझ्यासाठी बांधलेली बघितली. निम्मी बी नव्हती.

ती आल्यावर इचारलं, "असं कावून केलं?"

"ट्रॉली तर भरती ना?" म्हणली.

भरती. माझ्या मोळीतला कमी केलेला ऊस जातो कुठं, हे इतक्या दिवसांत मला कसं सुचलं न्हाई? का मीच सुचू दिलं न्हाई?

तिच्यावर लई वरडलो. सगळ्या फडानं ऐकलं.

आन् मग गुमान ती हलकीच मोळी उचलली. चढताना मागं तिच्या पायाखाली फळी करकरली. वळून बघितलं न्हाई.