फेड कॅमेरा आणि माझ्या भावावरचा खोटा आळ

मी, नेस्तोर किंद्रातोविच हाव्रिल्युक, वय वर्षे शहात्तर, पूर्वीचा धंदा कॅमेरे दुरुस्ती, राहणार खार्किव, तिसरा मजला, डावीकडचे दार, आज डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता, माझ्या हाताने हे लिहून ठेवत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण उजव्याने अजून शटरचा स्क्रू टिपतो. १९९४ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर होते, भांडी होती, आणि जे लिहायला हवे होते तेवढेच नव्हते.

एक. राहते घर माझी मुलगी युस्तिना हिचे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. बाल्कनीतल्या काकड्यांच्या बरण्या मात्र विकू नयेत, खाव्यात. तिच्या दिवंगत आईच्या प्रमाणाने घातल्या आहेत; मीठ किंचित जास्त झाले आहे, तो दोष माझा.

दोन. बाजाराजवळच्या ज्या टपरीत मी अडतीस वर्षे बसलो, तिथे आता एक बाई चाव्या बनवते. माझे स्क्रू ड्रायव्हर, चिमटे आणि लेन्सची कडी सोडवण्याचे हत्यार तिला द्यावे. ती हत्यार पुसून ठेवते, हे मी दोनदा मुद्दाम जाऊन पाहिले आहे.

तीन. बाजारात जुने कॅमेरे विकणारा झाखार लेओन्तिविच याला काहीही नाही. इथल्याच कारखान्यातल्या साध्या फेड कॅमेऱ्यावरचे नाव घासून, वर जर्मन कंपनीचे नाव कोरून, पितळेचा मुलामा देऊन त्याने परदेशी पाहुण्यांना गंडवले, आणि त्यातल्या चार कॅमेऱ्यांच्या शटरचे कापडी पडदे माझ्याकडून फुकट बदलून घेतले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे नोटरी म्हणाले, म्हणून मी त्यालाच साक्षीदार केले आहे.

चार. माझा फेड-२ कॅमेरा, १९५६ चा, आत ढकलता येणाऱ्या लेन्ससह आणि कातडी पिशवीसह, माझा धाकटा भाऊ पिलिप किंद्रातोविच, राहणार वाल्कीजवळ, याला द्यावा. एकतीस वर्षे आमचे बोलणे नाही. तो घेणार नाही असे वाटते. तरी न्यावा.

कॅमेरा कसा वापरायचा हे पिलिपला सांगायची गरज नाही, त्याला मीच शिकवले. पण त्याच्या घरातल्या पुढच्या कोणासाठी लिहितो. आधी शटर चढवावे, मगच वेग बदलावा. उलटे केले तर आतला दात मोडतो. पडद्याला तेल लावू नये. लेन्सचे तोंड उन्हाकडे करून खिडकीत ठेवू नये, सूर्य पडद्याला भोक पाडतो आणि मग प्रत्येक फोटोत आकाशात एक पांढरा डाग येतो. लेन्स बाहेर ओढून फिरवून अडकवायला विसरू नये. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. लेन्स आत राहिली तरी खिडकीत सगळे छानच दिसते, आणि रोल धुतल्यावर धुके निघते. आमच्याकडे प्रत्येकाने एकदा तरी ही चूक केलेली असते. म्हणूनच पिलिपने केली असे मी म्हणालो तेव्हा कोणालाही शंका आली नाही.

आता ते लिहितो.

जुलै १९७२ मध्ये आमच्या आईला, ओदार्काला, सत्तर वर्षे झाली. गावच्या अंगणात सगळे नातेवाईक जमले. आईचा तोवर एकही फोटो नव्हता. सामूहिक शेतीवरच्या माणसांना तेव्हा देशातच लागणारे ओळखीचे पासपोर्टही मिळत नसत, त्यामुळे त्यासाठीही ती कधी कॅमेऱ्यापुढे बसली नव्हती. आदल्या दिवशी मी हा कॅमेरा घाईने साफ केला. लेन्सच्या बैठकीखाली जाड कागदाचे एक कडे असते. ते काढून बाजूला ठेवले आणि परत बसवायचे विसरलो. फाइंडर, म्हणजे ती बघायची खिडकी, लांबच्या धुराड्यावर जुळवून दिला, तो जुळला. मागचे झाकण काढून, दुधी काच लावून प्रतिमा फिल्मच्या जागी नेमकी पडते का, हे बघायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे मी दिली नाहीत. मला फोटोत आईच्या उजवीकडे उभे राहायचे होते, म्हणून कॅमेरा पिलिपच्या हातात दिला. त्याने पूर्ण रोल काढला. आई इतकी हसत होती की तिला दोनदा गप्प बसवावे लागले.

रोल मी धुतला. प्रत्येक निगेटिव्हमध्ये आई पुसट होती, आणि तिच्या मागे तीन पावलांवरचे कुंपण स्पष्ट होते. फळ्यांमधले खिळे मोजता येत होते. लेन्स आत राहिली असती तर कुंपणही धुक्यात गेले असते. मागचे स्पष्ट आणि पुढचे पुसट, म्हणजे दोष लेन्सच्या बैठकीत. हे मला बघताक्षणी कळले. कडे माझ्या स्क्रूंच्या डबीत सापडले. मी सगळ्यांना सांगितले की पिलिप लेन्स ओढायला विसरला.

ऑक्टोबरात आई गेली. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात वार्लाममामाने सगळ्यांदेखत त्याला धारेवर धरले.

"गावाच्या गाईगुरांचे फोटो काढतोस रे, आणि जन्मदात्या आईचा एक काढता येईना?"

"मामा, मी लेन्स ओढली होती. फिरवून अडकवली पण होती."

"मग काय सैतानानं ढकलली? दादाला विचार, तो कारागीर आहे!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बोर्श्टच्या सारात पाव बुडवत म्हणालो, "होतं असं. नवख्या हातानं होतं."

आमच्याकडे थडग्यावरच्या क्रुसात चिनी मातीची लंबगोल चकती बसवतात, तिच्यावर माणसाचा चेहरा असतो. जेवण झाल्यावर पिलिप मला एकट्याला म्हणाला, "दादा, पुसट तर पुसट. जसा आहे तसा लावू. आईच आहे ना ती." मी म्हणालो की निगेटिव्ह जाळून टाकले. खरे कारण हे, की चकतीवर आईच्या मागे कुंपण दिसले असते, आणि खार्किवचा कोणताही कारागीर त्या थडग्यापुढून गेला असता तर त्याला त्या स्पष्ट कुंपणात माझे नाव वाचता आले असते. माझ्या टपरीची अब्रू राहावी म्हणून माझ्या आईच्या क्रुसावर एकतीस वर्षे रिकामा लंबगोल आहे. पिलिप त्या दिवसानंतर माझ्या घरी आला नाही. त्याच्या लग्नाला मला बोलावणे होते. मी तोंड दाखवायला घाबरलो आणि टपरीत काम असल्याचे कळवले. याची मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

निगेटिव्ह जाळलेले नाहीत. कपाटात, चहाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. तेही पिलिपचे.

पाच. माझ्या चाळिसाव्या दिवशी, गव्हाची खीर वाढण्याआधी, वरचे कलम युस्तिनाने सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे. एकही शब्द गाळू नये.

इथवर लिहून मी आज साक्षीदारांना बोलावले. समोर राहणारी फ्रोसिना वाचल्याशिवाय बटाट्याच्या पावतीवरही सही करत नाही. तिने उभ्याउभ्या सगळे वाचले आणि चष्मा काढला.

"नेस्तोर किंद्रातोविच, तुमच्या चाळिसाव्याला तो येईल कशावरून? भाऊ एकोणसत्तरचा आहे. तोच आधी गेला तर हे कोणाला वाचून दाखवू, मांजराला?"

"मला तोंडानं जमणार नाही, फ्रोसिना."

"मेल्यावर बरं जमेल! झाखार, फोन इकडे आणा. त्याआधी मी सही करणार नाही."

झाखार जन्मात पहिल्यांदा काही न मागता उठला आणि टेलिफोन माझ्या मांडीवर आणून ठेवला. नंबर फ्रोसिनाने वाल्कीच्या टपाल कचेरीतून मिळवला. माझ्या मृत्युपत्रात हे लिहावे की नाही मला माहीत नाही, पण कलम पाच का रद्द केले याचे कारण नोंदले पाहिजे, म्हणून लिहितो.

पिलिपने फोन घेतला. आवाज आमच्या वडिलांसारखा झाला आहे. मी नाव सांगितले आणि तो काही म्हणण्याआधी कडे, डबी, कुंपण, सगळे एका दमात सांगून टाकले.

"दादा," तो म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रोल वाळत टांगला होतास ना, तेव्हाच बघितला मी. मागचं स्पष्ट, पुढचं पुसट, तर दोष बैठकीत. तूच शिकवलं होतंस मला."

"मग मामापुढं बोलला का नाहीस? माझ्या तोंडावर का नाही फेकलंस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

सहा. कलम पाच रद्द. कॅमेरा आणि निगेटिव्ह मी शनिवारच्या बसने स्वतः घेऊन जात आहे. मी पोहोचलो नाही तर युस्तिनाने पोहोचवावेत. आईच्या चकतीचा खर्च माझ्या बचतीतून व्हावा. फोटो पिलिप निवडील.

वरील मजकूर मी वाचला, तो खरा आहे, आणि मला तो आणखी सोपा करून लिहिता आला नाही.

खार्किव, १४ मे २००३
नेस्तोर हाव्रिल्युक

साक्षीदार:
फ्रोसिना आर्तेमिव्हना कोझुब
झाखार लेओन्तिविच प्रिखोद्को

साक्षीदारांची नोंद: ही सही त्यांच्या बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. सही करताना ते कागदाकडे न बघता शनिवारच्या बसची वेळ विचारत होते. पण ती त्यांचीच आहे, आम्ही दोघांनी पाहिले.